मुक्या जिवाचे दुखणे आणि आपले उपाय

(गणेशोत्सवानिमित्त एग्मोर येथे झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



काल याच मंचावर मुलांच्या वेशभूषा झाल्या, उद्या अथर्वशीर्षाची आवर्तने आहेत आणि मधल्या दिवशी समितीने मला उभे केले आहे. विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "घरातल्या लहान पाळीव प्राण्याला कॅन्सर झाला तर." फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग सेक्रेटरी म्हणाले, "उत्सवात हा विषय?" मी म्हटले, "बाप्पा स्वतः हत्तीचे तोंड घेऊन उंदरावर बसून येतो. त्याच्यापुढे जनावरांविषयी बोलायचे नाही तर कोणापुढे?" त्यांनी मान्य केले, म्हणून मी येथे आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि पशुवैद्यही नाही. माझी सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. समोर आलेल्या प्रत्येक आकड्याला "व्हाउचर कुठे आहे?" असे विचारण्याची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. आज मी सांगणार आहे तेही एका तपासणीचेच इतिवृत्त आहे.

आमच्याकडे ठमी नावाची पांढरी पॉमेरेनियन कुत्री होती. वजन सहा किलो, आवाज साठ किलोचा. एका सहकाऱ्याची उत्तरेकडे बदली झाली तेव्हा पाच वर्षांची ठमी आमच्या घरी आली आणि आठवड्याभरात घर तिचे झाले. २०२२ साली, ती नऊ वर्षांची असताना, आंघोळ घालताना सौ.च्या हाताला तिच्या पोटाखाली, शेवटच्या स्तनाजवळ, हरभऱ्याएवढी गाठ लागली. त्याच आठवड्यात पशुवैद्यांनी तपासले. गाठ काढावी लागेल, त्याआधी छातीचा एक्स-रे आणि रक्त तपासू आणि काढलेली गाठ प्रयोगशाळेत पाठवू, असे त्यांनी सांगितले. शस्त्रक्रियेला दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

ते दोन आठवडे म्हणजे आजच्या भाषणाचा खरा विषय. बातमी इमारतीत पसरली, मंडळात पसरली, पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांत पसरली. चौदा दिवसांत आम्हाला अकरा उपाय सुचवले गेले. सुचवणारे सगळे प्रेमाने सुचवत होते. मी एक वही केली आणि त्यात उपाय लिहीत गेलो. हळद आणि मिरे. गोमूत्राचा अर्क. होमिओपॅथीच्या गोळ्या. पपईच्या पानांचा रस. बिब्ब्याचे तेल. लसूण. जर्दाळूच्या बिया. मामफळाची पाने, ज्याला आपले तमिळ शेजारी मुळ्ळु सीतापळम म्हणतात. एक भस्म. परदेशी अळंबीच्या कॅप्सूल. आणि अकरावा, खालच्या मजल्यावरच्या मामींनी सांगितलेला, नित्यकल्याणीचा काढा. नित्यकल्याणी म्हणजे आपली सदाफुली.

आईचे म्हणणे होते, "अरे, एवढ्याशा जिवाला कापाकापी कशाला? पाला-मुळी देऊन बघा ना." सौ. म्हणाली, "अहो, दोन्ही करू या. त्यात काय बिघडतं?" तेव्हा ह्या 'काय बिघडतं' प्रश्नाचेच उत्तर शोधायचे मी ठरवले. प्रत्येक उपायापुढे पाच रकाने आखले. हा उपाय कोणावर करून पाहिला आहे? किती मात्रेत? बरे झाले असे ठरवले कोणी? अपाय कोणता? आणि ह्याच्यासाठी दुसरे काही लांबणीवर पडणार आहे का?

अकराव्या उपायापासून सुरुवात करतो, कारण त्याची हकीकत सर्वांत सुरस आहे. १९५२ साली कॅनडातले डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे जमैकातल्या एका रुग्णाने टपालाने सदाफुलीची पंचवीस पाने पाठवली. तिकडे मधुमेहावर तिचा चहा करून पीत. नोबल यांनी ती पाने आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात तिचा अर्क प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिला. तोंडाने देऊन साखर काही उतरेना. मग अर्क टोचला, तर उंदीर जंतुसंसर्गाने दगावू लागले. कारण शोधले तेव्हा कळले की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी घटवणारी वस्तू रक्ताच्या कॅन्सरवर उपयोगी पडेल, हा विचार तेथून सुरू झाला. १९५८ साली त्यांनी व्हिन्ब्लास्टिन जगापुढे आणले. पाठोपाठ एली लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन काढले आणि १९६३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. बाप्पाच्या वाहनाच्या भाऊबंदांनी माणसाच्या लेकरांवर किती मोठे उपकार केले आहेत पाहा!

आणि केवळ माणसांवर नाही. आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांना जननेंद्रियावर होणारा एक संसर्गजन्य कॅन्सर असतो. तो विषाणूने पसरत नाही. समागमाच्या वेळी कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. जगभरच्या कुत्र्यांतला हा रोग हजारो वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याच्या पेशींचा वंश आहे, असे जनुकांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. ह्या भयंकर दिसणाऱ्या रोगावर आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिनची साधारण चार ते सहा इंजेक्शने दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात.

म्हणजे मामींचे म्हणणे खरे ठरले की! मग काढा का द्यायचा नाही? तर मात्रेच्या रकान्यापाशी गाडी अडते. सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइड आहेत. त्यांतले व्हिन्क्रिस्टिन इतके थोडे की एक ग्रॅम मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. उलट, सहा किलोच्या कुत्रीला त्याची मात्रा लागते एका मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाच्या आसपास, तीही थेट शिरेतून. सुई जरा बाहेर सरकली आणि औषध कातडीखाली गेले तर तेथील मांस सडते. असे तीक्ष्ण औषध मूठभर पानांच्या काढ्यात किती उतरले, पोटात गेल्यावर किती शिल्लक राहिले आणि सोबत आणखी काय काय गेले, हे कोण मोजणार? शिवाय ठमीचा रोग वेगळा होता. स्तनाच्या गाठीवर पहिला उपाय शस्त्रक्रिया हाच आहे. झाड तेच, पण ते औषध झाले मोजमापामुळे. मामींना मी हे सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "मग माझी नित्यकल्याणी पूजेला तर चालेल ना?" ती आम्ही रोज आणली.

आता हळद. हळदीविषयी आपण मराठी माणसांनी अभिमान बाळगावा असा एक प्रसंग आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपायाला पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. कशाच्या जोरावर? आमच्या आजीने लावली होती, एवढ्यावर तिकडे कोणी ऐकले नसते. जुने ग्रंथ आणि १९५३ साली छापलेला एक वैद्यकीय निबंध असे लेखी पुरावे पुढे ठेवले, तेव्हा जय मिळाला. आमच्या भाषेत सांगायचे तर व्हाउचर सापडले.

पण तो दावा जखमेपुरता होता. कॅन्सरचे काय? हळदीतले कर्क्युमिन काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारते, हे खरे. मात्र हळदीत ते असते शेकडा तीनच्या आसपास, आतड्यातून शोषले जाते फार थोडे आणि जे जाते ते यकृत झटपट मोडून टाकते. मिऱ्याने शोषण वाढते, हे १९९८ साली बंगळूरमधल्या संशोधकांनी दाखवले, तेही खरे. पण मिऱ्यातले तेच द्रव्य इतर औषधांचा निचराही मंदावते आणि मग त्यांची मात्रा रक्तात वाढते. शस्त्रक्रियेच्या तोंडावर भूल आणि वेदनाशामके द्यायची असताना हा खेळ नको. भातात चिमूटभर हळद पडली तर काही बिघडत नाही, पण तिने गाठ विरघळेल हा हिशेब जुळत नाही.

होमिओपॅथीच्या गोळ्या आणि गोमूत्राचा अर्क यांनी कुत्र्याची गाठ विरघळल्याचा भरवशाचा पुरावा मला कुठे आढळला नाही. पपईच्या पानांचेही तेच. ह्या तिन्हींचा खरा धोका बहुतेक वेळा पाचव्या रकान्यात असतो. उपाय सुरू आहे ह्या समाधानात महिना जातो आणि हरभऱ्याचे लिंबू होते. कुत्रीच्या स्तनातली गाठ तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असताना काढली तर पुढचे आयुष्य बरेच चांगले जाते, मोठी झाल्यावर काढली तर तशी खात्री राहत नाही. माणसांबाबत याचा हिशेब झालेला आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी, बरा होण्याजोगा कॅन्सर असताना नेहमीचे उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या रुग्णांची तुलना इतर रुग्णांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाचपटीहून अधिक.

यानंतर माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेले उपाय येतात. लसूण आणि कांदा आपल्याला अमृत असेल, पण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटतात. कुत्र्याला किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्यानेही रक्तात बदल दिसतात, मांजराला पाच ग्रॅम पुरतो आणि लसूण तर कांद्याहून जहाल. जर्दाळूच्या बिया 'व्हिटॅमिन बी-१७' म्हणून विकल्या जातात. असे व्हिटॅमिनच नाही. त्यातल्या अमिग्डॅलिनपासून पोटात सायनाइड तयार होते. बिब्ब्याचे तेल कातडीवर फोड आणते. धोब्याच्या खुणेसाठी ते उत्तम, पण कुत्री जे लावाल ते चाटते, म्हणजे फोड जिभेपर्यंत. मामफळात मज्जातंतूंना अपाय करणारे द्रव्य आहे आणि कॅरिबियन बेटांवर ते नेहमी खाणाऱ्यांत कंपवातासारख्या विकाराशी त्याचा संबंध आढळला आहे. भस्माविषयी एवढेच सांगतो की २००४ साली बोस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल सापडले. जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली माणसाने काय घ्यावे हा वेगळा विषय. पण फोनवरून "जनावराला पण चालतं, एक पुडी दुधातून द्या" असे सांगणाऱ्याला मी विचारले, "सहा किलोला किती?" त्याने फोन ठेवला.

राहिली अळंबी. तिची गोष्ट मला सर्वांत शिकवणारी वाटली. 'टर्की टेल' नावाच्या अळंबीच्या अर्कावर पेनसिल्व्हानिया विद्यापीठात प्रयोग झाला. प्लीहेचा जीवघेणा कॅन्सर झालेली १५ कुत्री घेतली होती. अर्क घेतलेली कुत्री अपेक्षेपेक्षा जास्त जगली, असे २०१२ साली जाहीर झाले आणि जगभर कॅप्सूल खपू लागल्या. पण संशोधक तेथे थांबले नाहीत. त्यांनी १०१ कुत्र्यांवर मोठा प्रयोग केला. त्याचा निकाल २०२२ साली आला तेव्हा एकंदरीत फायदा दिसला नाही. पंधरा कुत्र्यांनी दाखवलेली आशा एकशे एक कुत्र्यांपुढे टिकली नाही. आपल्याला मात्र पहिली बातमी मिळते, दुसरी मिळत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे पाश्चात्त्यांचे मोजमाप, आपल्या परंपरेला ते कशाला लावता? या सभागृहात तंजावरकडची कितीतरी घराणी बसली आहेत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. १७९८ ते १८३२ ह्या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या सरफोजीराजे दुसरे यांनी धन्वंतरी महाल उभारला. तेथे माणसांसाठी आणि जनावरांसाठीही औषधे तयार होत. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी वैद्यक जाणणारे एकाच छताखाली काम करत. रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात. नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह आजही सरस्वती महालात जपून ठेवल्या आहेत. तेथेच हत्ती-घोड्यांच्या शास्त्राची सचित्र हस्तलिखितेही आहेत. दोनशे वर्षांपूर्वी तमिळ मुलुखातला एक मराठी राजा म्हणत होता की औषध कोणत्याही घराण्याचे असो, करून पाहा, लिहून ठेवा आणि गुण आला की नाही ते तपासा. तेव्हा मोजमाप परक्यांचे म्हणून नाकारायचे कारण आपल्याला तरी नाही.

सोयही आपल्या दाराशी आहे. एग्मोर स्टेशनच्या उत्तरेला पूनमल्ली हायरोड ओलांडला की वेपेरी. तेथे १९०३ साली डॉबिन हॉल नावाच्या वास्तूत मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९८९ पासून ते तामिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचा भाग आहे आणि त्याला जोडलेले शिकवणीचे रुग्णालय आहे. मुंबईकरांना परळचे १८८६ चे महाविद्यालय जसे, तसे आपल्याला हे. सकाळी तेथे गेले तर रांगेत बंगल्यातले लॅब्राडोरही दिसते, टोपलीतले मांजरही आणि ऑटोतून आणलेली शेळीसुद्धा. उपाय विचारायचाच, तर पहिला तेथे विचारावा.

ठमीची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. एक्स-रेमध्ये फुप्फुसे स्वच्छ होती. कुत्र्यांच्या स्तनातल्या गाठींपैकी साधारण निम्म्या घातक निघतात, मांजरींत दहापैकी आठ-नऊ. ठमीची घातक निघाली. कडा मात्र स्वच्छ होत्या. पुढचे सोळा महिने तिने इस्त्रीवाल्यावर, पोस्टमनवर आणि माझ्या ऑनलाइन बैठकांवर पूर्वीच्याच निष्ठेने भुंकून काढले.

२०२४ च्या सुरुवातीला तिला धाप लागू लागली. नव्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत ठिपके होते. पशुवैद्य म्हणाले, "आता बरे करण्याचे औषध नाही. त्रास कमी करण्याची औषधे आहेत." त्या रात्री ती वही पुन्हा निघाली. ती मी नाही, सौ.ने काढली. म्हणाली, "अहो, आता तर डॉक्टरांकडेच काही नाही. आता काय बिघडतं?"

मंडळी, हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे. गाठ काढण्याजोगी असताना 'उशीर होईल' हे उत्तर पुरेसे होते. आता उशीर व्हायला काही उरले नव्हते. मग द्यावे का काही? आम्ही दोघे रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. सौ.चे म्हणणे असे की काही न करता नुसते बघत बसणे म्हणजे तिला टाकून देणे. मी म्हटले, "काढा कोणाला द्यायचा आहे? तिला, की आपल्याला?" ती रागावली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती स्वतःच म्हणाली, "काल लिंबाएवढी गोळी तिच्या तोंडात घालायला तिघं लागलो. ती माझ्याकडे बघत होती. आता हे नको."

मोठा माणूस कडू औषध घेतो, कारण ते कशासाठी ते त्याला कळते. कुत्रीला, मांजराला, सशाला ते कळत नाही. तिच्या दृष्टीने उपाय म्हणजे आजचा दिवस. आजच्या दिवशी जबरदस्तीने तोंडात घातलेला कडू रस ही तिच्यासाठी शिक्षाच, आपल्या मनात आशा कितीही गोड असो. म्हणून शेवटच्या टप्प्यासाठी मी वहीत सहावा रकाना आखला. ह्याने तिचा आजचा दिवस बरा जातो का?

या रकान्यात पास झालेल्या गोष्टी सांगतो. पशुवैद्यांनी लिहून दिलेले वेदनाशामक. (घरातले नव्हे. आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकते आणि पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते.) धाप कमी करणारे औषध. कोमट दहीभात, दिवसातून चार वेळा, थोडा थोडा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नये म्हणून जुनी सतरंजी. दुपारी पंखा, संध्याकाळी गच्चीवरचा वारा. आणि आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हटलेले रामरक्षा. त्याला पुरावा मागण्याची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही, कारण ठमी तेव्हा झोपी जात असे. परंपरेतले काही द्यायचेच असेल तर ते असे द्यावे. नेमक्या उपचाराला पूरक म्हणून, त्याला पर्याय म्हणून नाही.

कधी थांबायचे, हे ठरवायला अमेरिकेतल्या पशु-कर्करोगतज्ज्ञ अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली एक मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सांभाळत राहावे. मला हिशेबनिसाला हे पटले. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आम्ही रोजची बेरीज लिहीत होतो. बावन्न, एकोणपन्नास, पुन्हा एकावन्न, मग चव्वेचाळीस. सलग पाच दिवस आकडा तिसाच्या खाली राहिला, तेव्हा आम्ही पशुवैद्यांना घरी बोलावले.

आईचा ह्याला विरोध होता. "आपण कोण जीव घेणारे?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त होता. मी तिला सांगितले की ज्या कायद्याने आपल्या देशात जनावरांचा छळ गुन्हा ठरला, तो १९६० चा कायदा आपल्या ह्याच गावच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून आला. कलाक्षेत्राच्या त्या रुक्मिणीदेवी शाकाहारी आणि करुणामूर्ती. पण ज्या जनावराला जगवणे हाच छळ झाला आहे त्याला वेदनेतून सोडवण्याची वाट त्या कायद्यात ठेवलेली आहे. आई काही बोलली नाही. पशुवैद्य आले तेव्हा मात्र तिनेच ठमीला मांडीवर घेतले. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग दुसरे. तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही, आणि हे ठमीच्या बाबतीत प्रथमच घडत होते.

आता थोडे कामाचे सांगून संपवतो. ज्यांच्या घरी कुत्री किंवा मांजर आहे त्यांनी महिन्यातून एकदा पोटाखालून हात फिरवून गाठ चाचपावी. पाच मिनिटांचे काम आहे. मादीची नसबंदी वेळेवर करण्याबद्दल पशुवैद्यांशी बोलावे. १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या माजापूर्वी नसबंदी केलेल्या कुत्रींत स्तनाच्या कॅन्सरचा धोका नसबंदी न केलेल्यांच्या तुलनेत शेकडा अर्धा, एका माजानंतर आठ आणि दोन माजांनंतर सव्वीस आढळला होता. नंतरच्या अभ्यासकांनी ह्या आकड्यांच्या अचूकतेवर शंका घेतली असली, तरी आकड्यांची दिशा पशुवैद्य आजही लक्षात घेतात. ससा पाळणाऱ्यांनी तर मादी सशाच्या गर्भाशयाच्या कॅन्सरविषयी आवर्जून विचारावे, कारण वय वाढेल तसा तो फार आढळतो. आणि कोणी उपाय सुचवला तर त्याच्यावर रागावू नये. तो आपल्या दुःखात वाटेकरी होऊ पाहतो आहे. त्याचा उपाय लिहून घ्यावा, आभार मानावेत, आणि तो कागद पशुवैद्यांपुढे ठेवावा. लपवून मात्र काही देऊ नये. काय दिले हे त्यांना ठाऊक नसेल तर त्यांच्या औषधाचाही घात होतो.

माझी वही मी मंडळाच्या वाचनालयात ठेवली आहे. अकरा उपायांनंतर तिच्यात अजून बरीच पाने कोरी आहेत. कोणाच्या घरी अशी वेळ आली तर पुढचे पान त्यांनी लिहावे. उपाय, मात्रा, तारीख आणि गुण आला की नाही ते. गुण आला नाही, तरीही लिहावे. पुढच्याला त्याचाच उपयोग जास्त.

 प्रसाद तयार आहे असे मला खुणावले जात आहे. आपल्या घरातल्या मुक्या मंडळींनाही बाप्पा सुखी ठेवो. मोदक मात्र त्यांना देऊ नका, त्यात बेदाणे असतात आणि द्राक्ष-बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडवू शकतात!

गणपती बाप्पा मोरया!